हीव

ओतूर मागे पडलं की माळशेजकडे जाणारा रस्ता जरा मोकळा होतो. एका बाजूला पिंपळगाव जोग्याच्या धरणाचं पाणी चमकायला लागतं, वारा अंगावर येतो आणि पाय आपसूक ॲक्सिलरेटरवर थोडा जास्त टेकतो. वाटेत एक लहानसा पूल आहे. पूल सुरू होतो तिथे सांध्याची लोखंडी पट्टी किंचित वर आलेली आहे. त्या दिवशी काटा पासष्टवर होता. उजवं चाक पट्टीवरून 'टक्' करून गेलं आणि पुढच्याच क्षणी स्टेअरिंग माझं ऐकेनासं झालं.

हातातच होतं, पण डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे, इतक्या झपाट्यानं हलत होतं की त्याच्या दांड्या पुसट दिसू लागल्या. पुढचे दोन्ही दिवे आणि मडगार्डं 'नाही, नाही' म्हणून मान हलवावी तशी थडथडत होती. काचेची चौकट वाजत होती, पायाखालचा पत्रा आपटत होता, समोर ठेवलेला चष्मा केव्हाच खाली गेला होता. आधी वाटलं, चाक निखळलं. मग वाटलं, दोन्ही निखळली. करकचून ब्रेक मारू नये एवढं कुठून तरी सुचलं. पाय काढून घेतला, स्टेअरिंग नुसतं धरून ठेवलं आणि गाडी हळूहळू कडेला घेत गेले. साठ, पन्नास, चाळीस. थरथर तशीच. तिशीच्याही खाली आल्यावर ती एकदम थांबली. घाम फुटून तापकऱ्याचं अंग सैल पडावं तशी.

उतरून पाहिलं. चारही चाकं जागच्या जागी. सगळे नट घट्ट. खाली तेलाचा थेंब नाही. जीप इतकी निरागस उभी होती की मलाच माझी शंका आली. मात्र पाण्याच्या बाटलीचं टोपण काढायला मला बराच वेळ लागला.

जीप वडिलांची. ते कुकडीच्या कालव्यांच्या कामावर ओव्हरसियर होते. ज्या गाडीत बसून त्यांनी अर्धं आयुष्य धुळीत घालवलं ती लिलावात निघाली, तेव्हा तेच ती घरी घेऊन आले. "पेन्शनीबरोबर ही दुसरी म्हातारी कशाला?" असं आई म्हणाली होती. ती म्हातारी दोघांनाही पुरून उरली. मी जुन्नरला अकरावी-बारावीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवत असे. निवृत्त झाल्यावर आंबे-हातवीजच्या वाटा, नाणेघाटाचा माथा, करवंदीच्या जाळ्यांतून जाणारे दगडगोट्यांचे रस्ते हेच माझं तीर्थाटन झालं. दोन वर्षांपूर्वी भाच्यानं "आत्या, जरा रुबाब येऊ दे की!" म्हणत तिला मोठे टायर बसवले. ते मडगार्डाला घासू नयेत म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांना चॅसीशी जोडणारे शॅकल लांब करून घेतले. गाडी खरंच रुबाबदार दिसू लागली. हे सगळं मी हौसेनं होऊ दिलं, हेही इथेच सांगून टाकलेलं बरं.

या आजाराला नावं पुष्कळ. रानावनात गाड्या घालणारी आजची पोरं त्याला 'डेथ वॉबल' म्हणतात. तरुणपणी मरणाचं नाव घ्यायला काही वाटत नाही. इंजिनिअरांचं जुनं नाव 'शिमी'. पहिल्या महायुद्धानंतर खांदे थरथरवत नाचायचा एक नाच अमेरिकेत फार गाजला, त्याचं हे नाव. मोटारींच्या पुढच्या चाकांना तोच नाच लागला, तो विशेषतः १९२०नंतरच्या दशकात फुगीर, मऊ, कमी हवेचे टायर आले तेव्हा. १९२५ साली ब्रूल्ये नावाच्या फ्रेंच इंजिनिअरानं या नाचावर अभ्यासपूर्ण निबंध लिहिला. दोन्ही चाकांना जोडणारा पुढचा सलग एक्सल हे त्या दुखण्याचं माहेर. १९३४पासून मोठ्या अमेरिकन कंपन्यांनी प्रवासी मोटारींतून तो काढायला सुरुवात केली आणि प्रत्येक चाकाला आपापला वेगळा आधार दिला. जीपनं मात्र तो ठेवला. १९४१मध्ये ती लढाईसाठी घडली तेव्हा तिला सुखासीन व्हायचंच नव्हतं. एक चाक धोंड्यावर चढलं की त्याच एक्सलच्या दुसऱ्या टोकाचं चाक खाली दाबलं जातं, जमीन सोडत नाही. शिवाय एक्सल जाड, साधा, कुठल्याही गावात दुरुस्त होणारा. ज्या गुणामुळे ती हातवीजचा चढ चढते, त्याच गुणाच्या पोटात पुलावरची थरथर दडलेली असते.

ही विद्या मी नंतर जमवली. त्या आठवड्यात मला फक्त गुन्हेगार हवा होता, आणि तो एकच असणार याची खात्री होती. टायरच्या दुकानात गेले. चाकं बॅलन्स केली, रिमला शिशाचे तुकडे ठोकले. दहा दिवस बरे गेले. मग त्याच पुलावर पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी एकानं स्टेअरिंगला नवा डॅम्पर लावून दिला. डॅम्पर म्हणजे आडवा बसवलेला शॉक ॲब्सॉर्बरच. हलणाऱ्या दांड्याला तो तेलातून ओढायला लावतो. "आता बिनधास्त जा," असं तो म्हणाला. पंधरा दिवस मी बिनधास्त गेले. सोळाव्या दिवशी, एका साध्या खड्ड्यात, डॅम्परसकट सगळं थरथरलं.

शेवटी चाचांकडे गेले. जुन्नरच्या पेठेबाहेर त्यांचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे कडुनिंबाखालचं अंगण, एक पत्र्याची शेड आणि ग्रीसनं काळी झालेली एक खाट. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, म्हणून मी त्यांची 'बाई'. मी हातवारे करून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बिडी विझवली आणि म्हणाले, "हीव भरतंय तिला."

मी चमकले. लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेला शब्द. हिवतापाची थंडी वाजून यायची तेव्हा तीन गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे, खाट हलायची. एक दिवसाआड येणारा तो तिजारा. ठरल्या वेळी यायचा, भरायचा, उतरायचा. मधल्या दिवशी माणूस ओसरीवर बसून भाकरी खायचा आणि कुणाला खरं वाटू नये इतका बरा दिसायचा. माझी जीपही तशीच. हिचा तिजारा घड्याळावर यायचा नाही, काट्यावर यायचा, पासष्टला.

"डॅम्पर काढा आधी," चाचा पोराला म्हणाले.

"अहो, तो तर नवा आहे."

"म्हणूनच. गोधडी काढल्याशिवाय हीव दिसणार कसं?"

मग मला स्टेअरिंगवर बसवलं. गाडी जॅकवर घेतली नाही. चाकं जमिनीवरच, वजन त्यांच्यावरच. "थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. एवढंच. थांबायचं नाही." मी ताक घुसळावं तसं स्टेअरिंग हलवत राहिले. चाचा खाली सरपटले. एका हातात बॅटरी होती, पण ती त्यांनी लावली नाही. दुसऱ्या हाताची दोन बोटं ते एकेका सांध्यावर ठेवत होते. अर्धं बोट या दांड्यावर, अर्धं त्या दांड्यावर. मध्ये फट असेल तर एक बोट आधी हलतं, दुसरं मागून. डोळ्याला हे दिसत नाही. वैद्य नाडी बघतो तेव्हा त्याचेही डोळे मिटलेलेच असतात.

खालून एकेक शब्द येऊ लागला. दोन्ही चाकांना जोडून वळवणारा टाय रॉड, त्याचा डावा एंड: "आहे थोडा." स्टेअरिंग बॉक्सकडून चाकाकडे येणारी लिंक: "हीपण." पाट्यांच्या मागच्या पिनांचे रबरी बुश: "चिरलेत, पण पडले नाहीत." मग बॅटरी लागली. "बाई, खाली उतरा, हे बघा." स्टेअरिंग बॉक्स चॅसीला जिथे बसतो तिथल्या एका बोल्टाभोवती विटकरी रंगाची बारीक भुकटी होती, कुंकवाची चिमूट सांडावी तशी. घट्ट दिसणारा बोल्ट आत हलत असला की लोखंड लोखंडाला घासतं आणि ही भुकटी पडते. बोल्ट खोटं बोलतो, भुकटी बोलत नाही.

मग जॅक. चाक वरखाली धरून हलवलं: बेअरिंगमध्ये किंचित ढिलाई. आडवं धरून हलवलं: तीच टाय रॉडची. टायर फिरवून शेजारी खडू धरला. खडूची रेघ सगळीकडे उमटली नाही. टायर एका जागी फुगीर होता. शेवटी त्यांनी टाय रॉडच सोडवला आणि चाक एका करंगळीनं ढकललं. ते गुळगुळीत, निमूटपणे कडेपर्यंत गेलं. मला वाटलं, छान. चाचांनी मान हलवली. "इतकं हलकं नको. किंगपिन सुटलाय. जात्याचा मधला खुंटा सैल झाल्यावर वरची तळी कशी डोलते? तसं."

खाटेवर बसून त्यांनी गूळ घातलेला चहा दिला. मी विचारलं, "मग नक्की कशानं होतंय?"

"कशानंच नाही," ते म्हणाले. "यातलं एकेकटं असतं तर मी तसंच चालू दिलं असतं. सगळ्यांनी थोडं थोडं केलंय."

त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. माझ्या वर्गात एक फिरतं स्टूल होतं. त्यावर मुलाला बसवायचं, हातात सायकलचं चाक द्यायचं, ते जोरात फिरवायचं आणि म्हणायचं, आता याचा कणा तिरका कर. चाक तिरकं केलं की स्टूल आपोआप गोल फिरू लागायचं. मुलं हसायची. फिरणाऱ्या वस्तूला एका दिशेनं कलवलं तर ती काटकोनात दुसरीकडेच वळते, हे मी चोवीस वर्षं त्या स्टुलावर दाखवलं. आणि तेच माझ्या हातात आलं तेव्हा मी ओळखलं नाही.

उजवं चाक पट्टीवर चढलं, सलग एक्सल तिरका झाला. त्याबरोबर गरगरणारी दोन्ही चाकंही कलली. स्टुलाच्या नियमानं ती बाजूला वळली. वळली म्हणून टायर रस्त्यावर आडवा रेटला गेला, त्या रेट्यानं एक्सल पुन्हा उलटा कलला, चाकं उलटी वळली. एकदा हे चक्र सुरू झालं की प्रत्येक फेरीत त्याला गाडीच्या वेगातूनच खुराक मिळतो. आपण ज्या बळावर पुढे जातो त्याच बळावर ती थरथर जगते. चहाचा पेला खाली ठेवून मी बोटानं धुळीत हिशोब मांडला. ताशी ६५ म्हणजे सेकंदाला १८ मीटर. मोठ्या टायरचा घेर अडीच मीटरला थोडा कमी. म्हणजे सेकंदाला सातवर फेरे. फुगीर टायर सेकंदाला सात वेळा एक्सलला धक्का देत होता, आणि ढिल्या सांध्यांच्या त्या एक्सलची स्वतःची लय नेमकी तिथेच कुठेतरी होती. झोक्याला बरोबर वेळेवर हात लागत होता.

आणि रुबाब? जीपच्या पाट्यांचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की पाटा पुढे झुकतो, त्याच्याबरोबर एक्सलही ओणवतो. सायकलचा चिमटा जसा थोडा मागे रेललेला असतो, तशी किंगपिनची, म्हणजे चाक ज्या खुंट्याभोवती वळतं त्याची, रेघही वरच्या टोकाला मागे रेललेली असावी लागते. जुन्या जीपला साधारण ३ अंश. त्याला कॅस्टर म्हणतात. त्याच्यामुळेच वळण संपल्यावर चाक आपोआप सरळ होतं. मॉलमधल्या ढकलगाडीचं एखादं चाक वेड लागल्यासारखं फडफडत असतं, तेही याच घराण्यातलं. रुबाबाच्या नादात आम्ही तिचा तो रेल काढून घेतला होता. ताठ उभी राहावी म्हणून जिला वर उचललं, तिला सरळ चालता येईना.

माझ्या आजोबांची बैलगाडी होती. तिलाही दोन चाकांमध्ये एकच सलग आख. चाकाचा तुंबा आखावर चांगला सैल बसवलेला, टोकाला खीळ. चालताना चाक उघड उघड डुलायचं. गाडीखाली वंगणाची नळी टांगलेली असायची. एरंडेलाचा तो काळा वास अजून नाकात आहे. मी आजोबांना विचारलं होतं, चाक घट्ट का नाही बसवत? ते म्हणाले होते, घट्ट बसवलं तर पहिल्याच धोंड्यावर आख मोडेल. बैलाच्या पावलाला तेवढा खेळ चालतो. मेकॅनिक लोक सांध्यातल्या ढिलाईला 'प्ले' म्हणतात, त्याचंच हे मराठी. वेग वाढतो तसा खेळ कमी करावा लागतो. पण अजिबात नको, असं कधीच होत नाही.

दुरुस्तीला पाच दिवस लागले. मी रोज जाऊन खाटेवर बसले. शॅकल मूळ मापाचे आले. एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडाची एक पातळ पाचर गेली आणि रेल पुरा झाला. बुश नवे, पाट्यांचे यू-बोल्ट नवे. स्टेअरिंग बॉक्सचा तो भुकटीवाला बोल्ट काढला तर त्याचं भोक लांबट झालेलं; तिथे पट्टी वेल्ड केली. टाय रॉडचे एंड बदलले. किंगपिनचं काम चाचांनी कुणाला करू दिलं नाही. टोपीखाली कागदासारख्या पातळ पत्र्या असतात. त्यांतली एक काढायची, टोपी आवळायची, चाकाच्या मानेला स्प्रिंगचा ताणकाटा अडकवून ओढायचं. काटा किती वजन दाखवतो ते बघायचं. कमी दाखवला, अजून एक पत्री. जास्त झाला, परत घाला. पूर्वी या काट्यावर मासळी तोलायचे, असं ते म्हणाले, आणि मला त्या काट्याबद्दल अधिकच विश्वास वाटू लागला.

शेवटी चाकांची दिशा. मशीन नव्हतं. दोन्ही टायरांवर कण्याच्या उंचीवर, पुढच्या बाजूला खडूच्या खुणा केल्या, अंतर मोजलं. गाडी अर्धा फेरा पुढे ढकलली, त्याच खुणा मागे गेल्या, पुन्हा मोजलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी हवं. म्हणजे चाकं पुढच्या बाजूला किंचित आत घेतलेली. मोठे टायर भाच्याच्या डोळ्यांदेखत उतरले. तो म्हणाला, "आत्या, गाडी बसली बघ." मी म्हटलं, "बसू दे. तिचं वय झालंय."

डॅम्पर अजून लावला नव्हता. "त्याच्याशिवाय जाऊन या," चाचा म्हणाले. "हीव गेलं असेल तर गोधडी लागायची नाही. नंतर लावू, थंडीवाऱ्याला असावी म्हणून."

निघण्यापूर्वी मी स्टेअरिंग हलवून पाहिलं. कडेला इंचभर ते रिकामंच फिरत होतं. "चाचा, अजून खेळ आहे."

"तेवढा ठेवलाय बाई. बॉक्सचा स्क्रू अजून आवळला तर वळल्यावर स्टेअरिंग परत येणार नाही. हाताला बोचेल."

पुलावर मी पासष्टनं गेले. पट्टी आली. टक्. दांड्या एकदा हलल्या आणि स्थिर झाल्या. इतकंच. मागे वळून पाहावं असंही काही उरलं नाही. घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले, चाचांना सांगितलं, डॅम्पर लावला, पैसे दिले.

पण एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. पूल जवळ आला की माझी बोटं स्टेअरिंगवर पांढरी होत. खांदे कानांपर्यंत येत. वर्गात मी शिकवलं होतं की काही गोष्टी ज्या टप्प्यावर सुरू होतात त्या टप्प्यावर थांबत नाहीत, त्याच्या फार खाली यावं लागतं. जीपची थरथर पासष्टला उठायची आणि तिशीच्या खाली विझायची. भीतीचंही तसंच निघालं. एका 'टक्'मध्ये ती भरली; उतरायला मला सबंध पावसाळा लागला. माळशेजचे धबधबे आले, आटले. हातवीजकडच्या उतारांवर सोनकी फुलली.

परवा भाचा शेजारी बसला होता. धरण मागे गेल्यावर म्हणाला, "आत्या, तो तुझा पूल कुठला?"

मी खाली पाहिलं. स्टेअरिंगवर माझी दोनच बोटं होती, आणि त्या इंचभर रिकाम्या जागेत ती सावकाश मागेपुढे डुलत होती.

"गेला वाटतं मागे," मी म्हटलं.